आत्यानं घातलेली मांडी

दुपारी कढी उकळत होती तेव्हा अहमदपूरहून चुलतभावाचा फोन आला. महानंदाआत्या गेली. जेवणानंतरच्या डुलकीतच... मी गॅस बंद केला आणि माझ्या तोंडून निघालं, "पाय कसाय रे तिचा?" माणूस गेल्यावर असं विचारणारी मी एकटीच असेन. पण तो हसला नाही. "तू ये," एवढंच म्हणाला.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि बाजारातलं किराणा दुकान तिनं एकटीनं चालवलं. शटर वर गेलं की दिवसभर उभी. बसलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे तिचं शास्त्र. त्या उभं राहण्यानं डाव्या घोट्याजवळ आधी काळपट डाग आला, मग जखम, आणि ती काही भरेना. वर्षानुवर्षं. हळद झाली, लातूरची मलमं झाली. रोज इष्टलिंगाची पूजा झाली की ती श्रद्धेनं चिमूटभर भस्म जखमेत भरायची, आणि आम्ही घरचे वाटी धरायचो. जखमेच्या वासाचं तिला फार लागायचं. "मी गेले की लोकं उदबत्ती लावतेत," म्हणायची. मग तिनं कुणाकडं जाणंच सोडलं.

पण तिची खरी धास्ती निराळीच होती. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसवून समाधी देतात. आत्याचा पाय तर मुडपतच नव्हता. पूजेलाही ती पाय लांब करून स्टुलावर बसायची. "मला कसं बसवताल गं? वढून-ताणून बसवतेत का काय... तसं न्हाई जायचं मला." मी चिडवायचे, "तुला उभीच ठेवू आत्या, गल्ल्याजवळ." ती हसायची आणि पदरानं पाय झाकून घ्यायची.

शेवटी मी तिला नांदेडला माझ्याकडं आणलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी जखम पाहिली न पाहिली, खोलीतला दिवा मालवला, आणि गार जेल लावून सोनोग्राफीचं यंत्र पोटरीपासून वर फिरवत बसल्या. आत्या माझ्या कानाशी कुजबुजली, "दुखतंय खाली, अन् ही वर काय हुडकायलीय?" बाईंनी पोटरी हलकेच दाबली. पडद्यावर रक्त निळं होऊन वर चढलं... आणि हात सोडताच तांबडं होऊन खाली परत आलं. शिरेतल्या झडपा लागत नाहीत, त्या म्हणाल्या, वर गेलेलं रक्त खाली येऊन साचतं, म्हणून जखम भरत नाही. आम्ही सगळे इतकी वर्षं जखमेकडंच बघत होतो. आत्या मान वळवून पडद्याकडं बघतच राहिली. "विष्णुपुरी धरणाचे दरवाजेच बिघडले की गं माझे!"

पुढच्या खेपेला, ती बिघडलेली शीरच बंद करायला, पडद्यावर बघत बघत सुई तिच्यात गेली, आणि औषधाचा पांढरा फेस काळ्या शिरेतून पहाटेच्या धुक्यासारखा पसरत गेला. ती खोली अजून माझ्या स्वप्नात येते. अंधार, यंत्राची घरघर, आणि स्वतःच्याच पायाच्या आत डोकावणारी आत्या... मग बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी, घरी तिच्या पलंगाच्या पायगतीखाली विटा, आणि भस्म फक्त कपाळाला. बाईंनी तसं बजावलंच होतं. जखम कडांकडून हळूहळू मिटत गेली. एका सकाळी अहमदपूरहून आत्याचा फोन आला आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी घाबरले.

"मांडी घातलीय," ती म्हणाली. "बोलू नको. बसू दे जरा."

पुढं ती शेजारणींच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. कुणी उदबत्ती लावली नाही, हे मला मुद्दाम कळवायची.

मी अहमदपूरला पोचले तेव्हा आत्याला बसवलं होतं. कपाळभर भस्म, तळहातावर लिंग, आणि मांडी अगदी सैल, सहज... "वढावं लागलं न्हाई," चुलतभाऊ रडत पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. मला हायसं वाटलं.

परवा तिचं घर आवरायला गेले आणि दुपारी तिच्याच पलंगावर आडवी झाले. विटा अजून तशाच आहेत. पाय उंच, डोकं खाली. डोळे मिटले की अंगातलं सगळं सावकाश वर वाहत येतंय असं वाटतं...

"विटा काढू का गं?" चुलतभावानं दारातून विचारलं.

"बोलू नको," मी म्हणाले. "निजू दे जरा."