घासून लख्ख केलेलं पदक

लंडनमधल्या एजवेअरच्या भारतीय दुकानात परवा चिंचेचा वास आला आणि इथल्याच रीडिंग गावातली आमची पहिली दिवाळी आठवली. लक्ष्मीपूजनाला समई घासता घासता, पूजेत नाण्यांशेजारी ठेवावं म्हणून ह्यांचं ब्राँझचं पदकही मी चिंचेने घासलं. कुणा जुन्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीचं ते दुर्मीळ पदक ह्यांनी फार शोधून मिळवलं होतं. संध्याकाळी ह्यांच्या कॉइन क्लबमधले एक वयस्क इंग्रज गृहस्थ खास ते पाहायला आले. लख्ख पदक बघून त्यांचा चेहराच उतरला. वर्षानुवर्षं चढलेल्या काळपट झाकेतच त्याचं मोल होतं, हे मला तेव्हा कळलं. "अरेरे, हे कुणी केलं?" मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. "मीच," हे म्हणाले. "आणि स्वतःला संग्राहक म्हणवता!" गृहस्थ हसले. ह्यांचे कान लाल झाले. मी गुपचूप चहा ओतला. पाहुणे गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "अगं, लक्ष्मीला तरी आवडलं असेल." यंदा, ह्यांच्या माघारी, क्लबमधल्या एक बाई संग्रह बघायला आल्या. पदक हातात घेऊन त्यांनीही तेच विचारलं, आणि मी म्हणाले, "ह्यांनीच."