सात किलोंची संध्याकाळ

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे घडीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच ते सुखात होतं. सव्वीस वर्षं ती वाफेच्या इस्त्रीपुढे उभी होती आणि तिच्या हातून गेलेल्या कपड्यावर कुणी चुणी दाखवावी, असं कधी घडलं नव्हतं. एकदाच एका पाहुण्यानं कोटाच्या पाठीवर रेघ आहे म्हणून तक्रार केली. घडीताई स्वतः वर गेली, कोट उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "साहेब, ही रेघ माझी नाही. तुमच्या खुर्चीची आहे." साहेब ओशाळले. बाई नाकावर माशी बसू देत नाही, हे त्या दिवसापासून वरच्या पाच मजल्यांनाही कळलं.

पण तिचं खरं नाव झालं होतं ते बॅग भरण्यात. पाहुणे यायचे हातात मावेल एवढी बॅग घेऊन, आणि पुढच्या गावी त्यांना असायची मेजवानी. मग वरून फोन यायचा, "ताई, हा सूट एवढ्याशा बॅगेत कसा बसवायचा हो?" ताई आधी थोडा भाव खायची आणि मग बसवून द्यायची. कोटाचा एक खांदा उलटा करायचा, दुसरा त्यात सरकवायचा, अस्तर बाहेर. मध्ये पातळ कागद. लांब झगा कधी चौकोनी दुमडायचा नाही, बाकीच्या कपड्यांभोवती सैल गुंडाळायचा. "कपड्याला दुमड देऊ नका, वळण द्या," असं ती नव्या मुलींना सांगायची. मुली मागे हसायच्या, पण करायच्या तसंच.

आणि शेवटी चाकांच्या बाजूला दीड वीत जागा मोकळी ठेवायची. ती जोड्यांची. हॉटेलचा कडक नियम होता की जोडे लाँड्रीत यायचे नाहीत. फार पूर्वी कुणाच्या तरी काळ्या पॉलिशनं एक पांढराशुभ्र कोट बाद केला होता, तेव्हापासूनचा तो नियम, आणि घडीताईएवढा तो कुणीच पाळत नसे. जोड्यांचं सगळं बघायचे जोडेकाका. जिन्यामागच्या खोलीत बसून ते पॉलिश करायचे, टाचा ठोकायचे, बक्कल शिवायचे. घडीताईची भरलेली बॅग त्यांच्याकडे वर जायची, ते मोकळ्या जागेत जोडे बसवायचे आणि चेन लावून बॅग पाहुण्याच्या खोलीत पाठवायचे. सव्वीस वर्षांत ताईनं हजार बॅगा भरल्या असतील, पण जोडा एकही भरला नव्हता.

गंमत म्हणजे स्वतः ती कुठे म्हणून गेली नव्हती.

मग लेकीचा फोन आला. लेक दूरच्या गावात जोड्यांच्या कारखान्यात नमुने बनवायच्या खात्यात होती.

"आई, मला बक्षीस मिळतंय! शनिवारी संध्याकाळी सहाला समारंभ आहे. तू आणि बाबा विमानानं या. तिकिटं काढलीत मी."

"बक्षीस कसलं गं?"

"कामाचं. आल्यावर कळेल. आणि हे बघ, पत्रिकेवर उंची पोशाख घालून या असं लिहिलंय. तुझे ते कामाचे जोडे घालून येऊ नकोस हं. मी पाठवलेली चंदेरी सँडल घाल."

हे तिनं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा घडीताईला जुना एक दिवस आठवला. लेकीला पदवी मिळाली त्या दिवशी ती पाळी संपवून तशीच धावली होती, पायात रबरी जोडे, तेही ओले. गुळगुळीत फरशीवरून ती पुढच्या रांगेपर्यंत गेली आणि पावलागणिक जोडे कचकच, कचकच वाजत राहिले. लोकांनी माना वळवून पाहिलं होतं. लेक तेव्हा हसली होती, पण आईच्या मनातून ते गेलं नव्हतं. या वेळी पोरीला आपल्यापायी खाली बघायला लावायचं नाही, हे तिनं फोन ठेवतानाच ठरवलं.

कामाचे जोडे तरी कुणाचे, तर लेकीनंच पाठवलेले. सहा वर्षं हा उद्योग चालला होता. वर्षातून दोनेकदा पार्सल यायचं, त्यात पांढरा रबरी जोड आणि चिठ्ठी, "महिनाभर घाल आणि कुठे लागतं ते सांग." घडीताई घालायची आणि सांगायची. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, सगळे त्याला पेंटर म्हणत. तो तिचं पाऊल कागदावर ठेवून भोवती रेघ काढायचा आणि दुखेल तिथं लाल पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. तो कागद लेकीला जायचा. लेकीच्या कामाला मदत होते, एवढंच दोघांना माहीत.

शनिवारी ताईला अकरापर्यंत पाळी होती आणि एकला विमान. म्हणून तिनं बॅग लाँड्रीतच भरायचं ठरवलं. इस्त्री हाताशी, टेबल ओळखीचं. एका माणसाला एकच बॅग आणि ती सात किलोंच्या आत. पेंटरची बॅग त्यानं लेकीच्या दारासाठी रंगवलेल्या लाकडी पाटीनंच भरली होती, त्यामुळे दोघांचे कपडे एका बॅगेत. त्याला वर रंगाचा एक डबा हवा होता, वाटेत पाटीला ओरखडा गेला तर असावा म्हणून.

"विमानात रंगाचा डबा नेऊ देत नाहीत," ताईनं सांगितलं. "आणि ते देत असले तरी मी देणार नाही."

अकराला दहा मिनिटं असताना तिनं टेबलावर पांढरी चादर पसरली. मुली भोवती जमल्या. पेंटरचा काळा कोट खांद्यात खांदा घालून निजवला. मग तिचा स्वतःचा गडद निळा पायघोळ झगा. खालून तो तिनं चार बोटं आत दुमडून शिवला होता, कारण लेकीची चंदेरी सँडल दिसायला नको? वाफ दिली, वळण दिलं, कागद घातला. चाकांच्या बाजूला दीड वीत जागा सोडली. चेन ओढली. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि घडीताई राणीसारखी पायऱ्या चढून गेली. दारात पेंटर उभा होताच.

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली. सहा किलो दोनशे.

"पाहिलंत? दोघांचा थाट आणि वर आठशे ग्रॅम राखून," ती म्हणाली. पेंटरनं शेजारच्या अनोळखी माणसालाही ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ढग खालून जाताना बघत असतानाही ती त्या आठशे ग्रॅमवरच खूश होती.

कारखान्याच्या पाहुणेघरात ते पोचले तेव्हा चार वाजले होते. लेक सभागृहातल्या तयारीत अडकली होती, थेट तिथंच भेटणार होती. ताईनं पलंगावर बॅग उघडली, कोट झटकला आणि झगा हँगरला लावला. एक चुणी असेल तर शपथ! ती समाधानानं वाकली, सँडल काढायला, आणि तिचा हात मोकळ्या जागेत फिरत राहिला.

जागा होती, जोडे नव्हते. ते आठशे ग्रॅम कुठले, ते आता कळलं.

सँडलचं बक्कल सैल होतं म्हणून तिनं ती गुरुवारी जोडेकाकांकडे दिली होती. बाकीचं काम हातांनी सवयीनं केलं होतं, जागा सोडली आणि जोडे काकांवर सोपवले; बॅग त्यांच्याकडे न्यायचीच राहिली. पायाखालची वाळू सरकली तिच्या. तिनं फोन लावला.

"ताई! सँडल कधीची तयार आहे," जोडेकाका खुशीत म्हणाले. "बक्कल असं बसवलंय की हत्ती नाचला तरी हलायचं नाही. बॅग केव्हा पाठवतेस वर?"

तिनं फोन पेंटरकडे दिला आणि पलंगावर बसली. जगाला शहाणपण शिकवणारी बाई, आणि दिव्याखाली अंधार! पायात तेच होते, सकाळपासूनचे पांढरे रबरी जोडे. तिला रडू आलं आणि तिनं ते अडवलं नाही.

पेंटर खाली जाऊन आला. कारखान्याच्या त्या भागात एकच दुकान होतं, औषधांचं. तिथं न्हाणीघरातल्या गुलाबी चपला मिळत होत्या. "त्यांच्यापेक्षा हे बरे," तो म्हणाला. "यांना चंदेरी रंग दिला असता, दहा मिनिटांचं काम. पण माझा डबा कुणी काढून ठेवला?"

"आता टोमणे मारा, तेवढंच राहिलंय!" ती म्हणाली, पण रडता रडता हसली, आणि हसताना तिची नजर हँगरवरच्या झग्याकडे गेली. चार बोटं कापड होतं की आत!

मग काय विचारता. सुईच्या टोकानं तिनं टाके उसवले. खोलीच्या कपाटातली इस्त्री म्हणजे खेळणंच होतं, तिच्याकडे बघून ताईनं नाक मुरडलं. पण ओला टॉवेल खाली, ओला रुमाल वर, आणि ते खेळणं तिनं असं दाबलं की जुन्या शिवणीची रेघ औषधाला उरली नाही. सुया तिच्या पर्समध्ये कायमच्या, आणि हात सव्वीस वर्षांचा. साडेपाचला झगा जमिनीला टेकत होता आणि खाली जोडे आहेत की चाकं, हे कुणाला कळलं नसतं.

राहिली कचकच; गुळगुळीत फरशीवर हे जोडेही वाजायचे. ती दोघांनी पाहुणेघराच्या बोळात घालवायचा प्रयत्न केला. ताई चालायची, पेंटर डोळे मिटून भिंतीशी उभा.

"येतंय... येतंय... आता नाही आलं. टाच आधी टेक. हां, अशी."

सभागृहात लेक धावत येऊन गळ्यात पडली. "आई! काय दिसतेस गं! सँडल बसली ना नीट?"

"छान बसली," घडीताई म्हणाली. लेकीशी ती एरवी खोटं बोलत नसे. पुढच्या रांगेत बसल्यावर तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि ठरवलं की आता टाळ्या संपून दिवे मालवेपर्यंत इथून हलायचं नाही.

लेकीचं नाव पुकारलं. व्यासपीठावरच्या मोठ्या पडद्यावर चित्र आलं आणि पेंटरनं बायकोचं मनगट घट्ट धरलं. कागदावर काढलेलं एक पाऊल, त्यावर लाल ठिपके. मग दुसरा कागद. मग तिसरा. असे अकरा. पहिल्यावर ठिपकेच ठिपके होते आणि शेवटच्यावर एकच.

"दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी हा जोडा केला," लेक सांगत होती. "बक्षीस मला मिळालंय, पण महिना महिना हा घालून पाळी करणारं माणूस दुसरंच आहे. आई, वर ये."

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. घडीताई उठली. टाच आधी टेकत, आवाज न करता ती व्यासपीठापर्यंत गेली आणि तिथं थांबली. समोर तीन पायऱ्या होत्या. एवढा लांब झगा घेऊन पायरी चढायची तर तो उचलायलाच हवा, नाहीतर सगळ्यांदेखत तोंडघशी पडायचं. तिनं मागे पेंटरकडे पाहिलं. तो मान हलवत होता, उचल म्हणून.

तिनं दोन्ही हातांनी झगा उचलला. कच. कच. कच.

लेकीनं खाली पाहिलं. नेमकं तेच झालं, ज्याची फोन आल्यापासून धास्ती होती. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"आई! हे घालून आलीस?"

"अगं, सँडल जोडेकाकांकडेच राहिली," घडीताई पुटपुटली, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं. "तुला खाली बघायला लावायचं नव्हतं गं मला. मागच्यासारखं."

"मागच्यासारखं?" लेकीला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. "आई, लाज वाटली म्हणून नव्हते गं सांगत. एक संध्याकाळ तरी तुझे पाय कामावर नसावेत, म्हणून सांगत होते. त्या दिवशी तुझी कचकच ऐकली, तेव्हाच तर हे काम धरलं मी."

घडीताईनं एका हातानं झगा धरून दुसऱ्यानं लेकीचे डोळे पुसले. आनंद म्हणजे किती, तर छातीत मावेना.

मग लेक उंची कपड्यांसकट पायरीवर बसली आणि रोजच्या सवयीनं आईच्या जोड्यावर अंगठा दाबून पाहू लागली. "इथं लागतं का अजून?"

"अंगठ्याला नाही," आईही सवयीनं म्हणाली. "पण ओल्या फरशीवर वळताना करंगळीला लागतं थोडं. आणि ही कचकच घालव आधी."

सभागृह हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. पुढच्या रांगेत पेंटरनं कोटाच्या खिशातून लाल पेन्सिल काढली, समारंभाची पत्रिका गुडघ्यावर उलटी ठेवली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर पावलाची रेघ काढून करंगळीशी ठिपका दिला.