आधी ओळखपत्र काढ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. "तुझा दादा गेला गो..." एवढंच ती म्हणाली. डबा तसाच बंद केला.

मनोहरदादा माझा मामेभाऊ. शहापूरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा, राहायचा सापगावला. शिकवायचा जीव ओतून, पण हट्टी एक नंबरचा! दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचा एक गट ईमेलवरून सॉफ्टवेअरचं मराठीकरण करायचा. कुणी तोतया घुसू नये म्हणून प्रत्येकाची कॉम्प्युटरमधली एक चावी असे आणि पाठवलेल्या कामावर तिनंच सही करायची. ती चावी खरोखर त्याच माणसाची, अशी गटातल्या जुन्या माणसानं साक्ष दिली तरच काम घेत. इथला जुना माणूस म्हणजे दादा. मी चावी ईमेल केली आणि वर फोन केला, "दे की साक्ष, परवा काम पाठवायचंय."

"नाय देणार. घरी ये."

"अरे, लहानपणी तुझ्या पाठुंगळी बसलेय मी!"

"तुला वळखतो गो. चावीला नाय."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गेले. ओटीवर चहा ठेवून हा गृहस्थ म्हणतो, "आधी ओळखपत्र काढ." सख्ख्या आतेबहिणीला! मग चावीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ, मी माझ्या कागदावरून मोठ्यानं वाचायची आणि ईमेलनं आलेल्या चावीशी ताडत त्यानं पेन्सिलीनं टिक करत जायचं. पहिली चार अक्षरंच जुळेनात. कागदावरचा ठसा नव्या चावीचा, पण घाईत मी भलतीच चावी धाडली होती, जुनी, जिचा सहीला लागणारा पासवर्ड मी केव्हाच विसरले होते. तिला साक्ष मिळाली असती तर लोकांनी तीच माझी धरली असती आणि मी बसले असते बोंबलत. दादा हसला, "बघ, तू खरी, चावी खोटी." माझं तोंड एवढंसं झालं. मग नवी चावी तपासून त्यानं साक्ष दिली आणि पुढे कितीतरी वर्षं माझं काम तिच्यावर चाललं.

त्या दिवशी मी निघताना दादा म्हणाला होता, "तुझ्या वहिनीकडं एक पाकीट ठेवलंय. मी गेलो की त्यातला मजकूर जसाच्या तसा टाइप करून पाठव, माझी चावी रद्द होईल. नायतर मागं कोण तरी माझ्या नावानं साक्षी वाटंल."

अंत्यविधीनंतर तीन आठवडे मी सापगावला फिरकले नाही. त्याची चावी रद्द झाली की माझ्या चावीवरची त्याची साक्षही कुणी धरणार नव्हतं. मला ते नकोच होतं... खरं सांगते, त्याच्या सांगण्यापेक्षा मला त्याची साक्ष प्यारी होती.

शेवटी गेले. त्याच ओटीवर लॅपटॉप उघडला. वहिनीनं पाकीट आणलं, पण हातात देईना. डोळे पुसले आणि म्हणाली, "आधी ओळखपत्र काढ गो."

मी काढलं. तिनं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पाकीट फोडलं. एकेक अक्षर ती वाचत गेली, मी टाइप करत गेले, आणि दर ओळीला ती दादाच्या पेन्सिलीनं टिक करत राहिली.

"बरोबर हाय," शेवटच्या ओळीवर ती म्हणाली. "पाठव."

मी पाठवलं.