मधलं टेम्पोनं पिलं

माझ्या बायकोच्या मामांनी डिझेलशी जेवढं वैर धरलं, तेवढं मोखाडा तालुक्यात कुणी भाऊबंदांशीही धरलं नसेल. मामा पोशेऱ्याचे. नांगराला न चालणारे म्हातारे रेडे गावातून घ्यायचे आणि जव्हारच्या खाटकाला विकायचे, हा त्यांचा धंदा. जगातली प्रत्येक गोष्ट ते डिझेलमध्ये मोजत. आमच्या लग्नाचं वऱ्हाड पाहून आशीर्वादाच्या आधी म्हणाले, "अर्धी टाकी तर नवऱ्याच्या मावश्यांनीच संपवली!" उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की त्यांचा जीव कासावीस होई. एकदा त्यांनी कुणा साहेबाच्या गाडीत हात घालून सरळ चावीच फिरवली. साहेब भडकला, तर मामा शांतपणे म्हणाले, "रागवा, पण गाडी बंद ठेवून रागवा."

एका उन्हाळ्यात डिझेल फारच चढलं. टेम्पोवाल्यांनी भाडं वाढवलं, व्यापाऱ्यांनी ते रेड्याच्या किमतीतून कापलं, आणि जव्हारला खाटकाने फ्रीजरचं वाढलेलं वीजबिल मांसावर चढवलं. मामांच्या शेजारच्या आजीला एकच रेडा. तो विकून तिला पावसाआधी घरावर पत्रे घालायचे होते. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याचा भाव ऐकून ती रडकुंडीला आली. "इथं रेडा स्वस्त, जव्हारला मटण महाग. मधलं गेलं कुठं रं भाऊ?"

"मधलं टेम्पोनं पिलं," मामा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आजीचा रेडा आणि आपले तीन घेऊन पायीच जव्हारला निघाले.

सारं गाव हसलं. मी गंमत म्हणून सोबत गेलो, आणि पहिल्याच चढावर माझी गंमत संपली. मामांचा मात्र श्वासही वाढला नव्हता. ऊन तापलं की झाडाखाली थांबायचं. आजीचा रेडा भर रस्त्यात बसला, तर हेही शेजारी बसले आणि बिडी पेटवली. मागे गाड्या हॉर्न वाजवतायत! मामा म्हणाले, "उठंल त्याला वाटंल तेव्हा. त्याला कसली घाई?" वाटेत एका पाड्यावर मुक्काम करून आम्ही बाजाराच्या दिवशी सकाळी जव्हारला पोचलो. टेम्पोत कोंबलेली जनावरं ठेचाळून, भेदरून येत; ही डुलत आली. खाटीक बघतच राहिला. "मामा, आज सगळं हातोहात खपंल, फ्रीजर लावायलाच नको," म्हणत त्याने चांगला भाव दिला. आजीच्या घरावर पत्रे चढले, आणि हसणारेच आपापले रेडे घेऊन मामांच्या दारात उभे राहू लागले.

त्या दिवशी दावं खाटकाच्या हाती देताना मामा थोडे रेंगाळले. मी विचारलं, "वाईट वाटतं?"

"वाटतं ना, जावई. टेम्पोत त्याचं तोंड दिसत नाय. चालताना दिसतं."

आता गुडघ्यांनी मामांना घरी बसवलंय. रेडे पुन्हा टेम्पोने जातात, भावही पुन्हा पडलाय. परवा आम्ही अंगणात बसलो असताना रेड्यांनी भरलेला टेम्पो धूर सोडत गेला. आता मामा शिवी हासडणार म्हणून मी वाट पाहू लागलो. त्यांनी उन्हाला हात आडवा धरून जाणाऱ्या टेम्पोकडे पाहिलं. मग म्हणाले, "एवढ्या उन्हाचे निघालेत. कुणी पाणी तरी पाजलं असंल का हो?"