हातमोजे धुतल्याचं पाणी

“हातमोजे इथं धुवा. मंग जा.”

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. दाराशी पांढरा टब आणि टबाशेजारी आमचे तंत्रज्ञ काका. विभागप्रमुखांनाही सूट नव्हती. आठवड्याचं पाणी काका आटवत, शुद्ध करत आणि उरलेली चिमूटभर पूड बाटलीत जपून ठेवत.

चिक्कूपणा म्हणाल तुम्ही. पण ती पूड साधी नव्हती. मॉलिब्डेनम धातूचे एकाच वजनाचे अणू वेचून, वेगळे करून परदेशातून आणलेले. त्यांचा स्फटिक वाढवायचा, डोंगराखालच्या बोगद्यात ठेवायचा आणि एखादा अणू एका फार दुर्मिळ तऱ्हेने फुटतो का, याची वर्षानुवर्षं वाट पाहायची. पूड होती एका स्फटिकापुरती. दुसरी मिळणार नव्हती.

हे समजावलं तेव्हा काकांनी विचारलं, “अन् नाहीच फुटला तं?”

“तर नाही फुटला, एवढं कळेल.”

“मंग खडा साफच पायजे. नाही तं तो काहीबाही दाखवन अन् आपण नाचत बसू.”

माझ्या प्रबंधातही मला हे इतकं नेमकं लिहिता आलं नव्हतं.

काका उमरेडचे, विणकराच्या घरचे. रोज एसटीने येत. वितळलेल्या पुडीतून स्फटिक वर काढायचा तो तासाला मिलिमीटरभर. मी चुळबुळले की म्हणत, “वढू नोको वं पोरी. येऊ दे त्याले.”

मी ओढला. रविवारी काका घरी होते आणि विभागप्रमुखांचा फोन आला. निधी देणारी समिती येतेय, वेग वाढवा. मी वाढवला.

थंड झाल्यावर काकांनी स्फटिक उजेडात धरला. मधोमध धुरकट पट्टा होता. घाईत ओढल्याची खूण.

विभागप्रमुख म्हणाले, “पॉलिश करा. समितीला काय कळतंय?”

“वितळवून पुन्हा काढतो, साहेब.”

“तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे, काका.”

“राहू द्या तिथंच.” आणि त्यांच्यासमोरच काकांनी स्फटिक परत मुशीत ठेवला. “समितीले सांगा, खडा भट्टीत हाय. खोटं नाही हे.”

समितीसमोर मी उभी राहिले. वेग मी वाढवला, आणि कोणाच्या सांगण्यावरून, तेही सांगितलं.

काकांना मुदतवाढ मिळाली नाही. शेवटच्या दिवशी काकांनी हातमोजे टबात धुतले, निथळले. “पाणी फेकू नोको,” एवढंच म्हणाले.

फेकलं नाही. ती चिमूट मी मुशीत घातली आणि स्फटिक काढायला बसले. पाच दिवस विभागप्रमुखांचे फोन वाजत राहिले. मी उचलले नाहीत. स्फटिक निघाला तो असा, की पलीकडचं वर्तमानपत्र वाचून घ्यावं.

तो बोगद्यात ठेवल्यावर दर महिन्याला उमरेडहून काकांचा फोन यायचा.

“फुटला का वं तो?”

“नाही, काका.”

“साफ हाय न पण?”

“साफ आहे.”

“मंग बसू दे त्याले.”

दिवाळीनंतर फोन आला नाही. काका गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं, तेव्हा मी टबापाशी बसून रडले. अणू अजून फुटलेला नाही. लोक विचारतात, हाती काय लागलं? मी सांगते, फुटेल किंवा नाही फुटणार. आमचा खडा खोटं बोलणार नाही.