भुशाच्या पुड्या

पाटणच्या स्टँडमागचा तो मेस्त्री गार मशीनला हात लावत नाही. ऊन चढलं की माझ्या चेनसॉचा जोर जातो, असं सांगितल्यावर त्यानं तो चालू करून उन्हात ठेवला आणि शेजारी उकिडवा बसला. "गार हाय तवर खोटंच बोलणार त्ये. तापू द्या."

मशीन तापून घुटमळायला लागलं, तसं त्यानं ते बंद करून झाकण काढलं. आत भुसा दाटून बसलेला, इंजिनाला वाराच लागत नव्हता. त्यानं भुसा खरवडून तळहातावर घेतला, हुंगला.

"बाभळ. त्याच्या खाली आंबा."

दोन्ही बरोबर. प्रत्येक गिऱ्हाइकाचा भुसा तो असाच हुंगतो, कागदाच्या पुडीत बांधतो, वर झाडाचं नाव लिहून फळीवर ठेवतो. कशाला, ते कुणी विचारत नाही. माझ्याही दोन पुड्या झाल्या. मग त्यानं तिसरा कागद घेतला, रिकामीच पुडी बांधली आणि लिहिलं, 'फणस'.

आईनं लावलेला दारातला फणस पाडायचं माझ्या मनात होतं. घरातसुद्धा बोललो नव्हतो.

मशीन आता भर उन्हातही दमत नाही. परवा चेन बदलायला गेलो, तर ती पुडी फळीवर तशीच, रिकामी. मी बघतोय हे बघून मेस्त्री हसला.

"घाई न्हाई मला."