लिंबावरची मासी

चैत्रात कडुलिंब फुलला की त्याचा गोडसर वास माझ्या बाल्कनीत येतो, आणि मी इंदूरच्या जुन्या अंगणात जाऊन उभी राहते.

इंदूर मध्यभारत राज्यात होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या अंगणातल्या लिंबाच्या फांदीला रानातल्या मधमाश्यांचं तळहाताएवढं पोळं लागलं होतं. दुपारभर अंगण गुणगुणायचं. ऊनच गातंय, असं मला वाटे. पोरांना चावतील म्हणून बाबांनी गोवऱ्या पेटवल्या. तेवढ्यात दूध घालणाऱ्या धापूबाई आल्या. आई त्यांना म्हणाली, "माशी येऊन राहिलीय ना, धूर देऊन घालवतायत."

धापूबाई माळव्यातल्या. त्यांनी 'मासी' ऐकलं, आणि माळवीत मासी म्हणजे मावशी, आईची बहीण! त्या हंडा ठेवून थेट बाबांवरच उखडल्या, "अरे साहबजी, मासी को कोई धुआं देके निकालता है क्या?"

आई हसून हसून खाली बसली. बाबांनी मुकाट्यानं गोवऱ्या विझवल्या.

तेव्हापासून ते पोळं आमची मासी झालं. कपडे वाळत घालताना आई त्याच्याशी बोलायची, "काय मासी, आज ऊन फार आहे नाही?" मग जरा थांबायची, उत्तर येणार असल्यासारखी. आणि ती गुणगुण यायचीच.

एका सकाळी फांदी रिकामी दिसली. आई कितीतरी वेळ तिथं उभी होती.

"न सांगताच गेली गं," ती म्हणाली. "ओटीसुद्धा भरू दिली नाही."

मी फिदीफिदी हसले. आईला बहीण नव्हती, हे तर मला तेव्हाही माहीत होतं, तरीही हसले.